चावरं पोर

“नाव सांगा! कोन चावला माझ्या पोरीला?”

कुमारने रुचिकाचा हात कमळताईंच्या तोंडासमोर धरला. मनगटाच्या वर दातांचे लालभडक व्रण उठले होते. चार वर्षांची पोर, एका हाताला लोंबकळल्यासारखी उभी, तोंडातून चकार शब्द नाही.

भिवंडीच्या कारखान्यांच्या गल्लीतली कमळताईंची ही एका खोलीची बालवाडी नुकतीच सुटली होती. बाहेर यंत्रमागांचा, लूमचा खडखडाट आणि त्याच्याही वर कुमारचा आवाज. गोदामात दिवसभर हमालांवर ओरडून कमावलेला तो आवाज, इथे येऊन खाली कसला येतोय!

“कुमारभाऊ, बसा तरी. पाणी देते.”

“पानी नको मला! तिसरी टाइम हाय ही. तुमचं ध्यान कुटं असतं?”

ध्यान कुठं असतं म्हणे! कमळताईंच्या मस्तकात तिडीक गेली. सुटायच्या वेळी ताईंनी स्वतः दारात उभं राहून एकेक पोर घरच्यांच्या हाती द्यायचं, हा नियम पालकसभेत याच लोकांनी भांडून करून घेतलेला. मग तेवढा वेळ खोलीकडे पाठ होणार नाही तर काय? आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी डाव साधत होतं.

“ठकुबाई न्यायला येतात तेव्हा त्या कधी काही बोलल्या नाहीत,” त्या म्हणाल्या.

“आयेला मोतीबिंदू हाय, तिला काय दिसतंय? माझी सकाळची शिफ्ट असली का मी येतो, म्हनून मला दिसतं. आन् कोन चावतो त्येबी मला ठाव हाय. तो लूमवाल्याचा ओसामा.”

संशय कमळताईंनाही होताच. काल त्यांनी मागे वळून पाहिलं, तेव्हा ओसामा रुचिकाचं मनगट दोन्ही हातांनी पकडून जोरात ओढत होता. दटावून विचारलं, तर कार्टं खाली मान घालून उभं. रुचिकाही बोलेना.

तेवढ्यात ओसामाचे अब्बा नूरुद्दीन आले. कपड्यांवर कापसाची भुकटी तशीच. कुमारने त्यांना चप्पलही काढू दिली नाही.

“तुमचा पोरगा मानूस हाय का कुत्रा?”

“जबान सांभाळून!” नूरुद्दीन भडकले. “घरात त्याची छोटी बहीण आहे, तिला कधी चावला नाही. इथेच कसा चावेल? आम्ही लूमवाले म्हणून आमच्यावर आळ?”

“मंग माझी पोरगी खोटं बोलते?”

“ती बोलली कुठं? तुम्हीच बोलता!”

कुमार त्यांच्या अंगावर धावून गेला. कमळताई मध्ये पडल्या. रुचिका हात सोडवून खेळण्यांच्या खोक्यामागे जाऊन बसली.

“एक तर तो राहील, न्हायतर आमची अंजूरची सगली पोरं मी काडून नेतो,” कुमार गरजला.

अर्धी बालवाडी कुमारच्या अंजूर गावातली. ती गेली तर दाराला कुलूपच. संस्थेच्या मोठ्या बाई मागच्याच महिन्यात तासभर सांगून गेल्या होत्या, पालकांशी नातं जपा, पालकांशी गोड बोला. बोला म्हणे! यातल्या कोणत्या पालकाशी, ते मात्र सांगितलं नाही.

“नूरुद्दीनभाई,” कमळताई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, “उद्यापासून ओसामाला पाठवू नका.”

“टीचर, बीच साल में कोण घेईल त्याला? त्याची अम्मी सुताच्या कांड्या भरायला जाते. पोराला कुठं ठेवू?”

“माझा नाइलाज आहे.”

नूरुद्दीननी कोपऱ्यात उभ्या ओसामाला उचललं. “चल बेटा. इथे आपली गरज नाही.”

ओसामा सुटायला धडपडत होता. “अब्बू, छोडो ना! मुझे रुचिका के पास जाना है!”

“बगा, बगा! अजून तिच्यावरच डोला!” कुमार म्हणाला.

नूरुद्दीननी पोराला आणखी घट्ट धरलं आणि ते दाराबाहेर पडले. कमळताईंना स्वतःचाच राग आला, पण सुटल्यासारखंही वाटलं. एकदाचं मिटलं.

“रुचे!” कुमार ओरडला. “चल घरी!”

खोक्यामागे एकटी बसलेल्या रुचिकाने बापाकडे पाहिलं, फ्रॉकची बाही वर सरकवली आणि आपल्याच हातात कचकन दात रोवले.