भरवशाची बस

अल्माटीत कोणत्या कंपनीच्या बस किती भरवशाच्या, हे बाउरझान महापालिकेत बसून ठरवायचा आणि स्वतः मोटारीने फिरायचा. त्या दिवशी मोटार बंद पडली, आणि इकडे गावाहून येणारी म्हातारी आई स्टेशनवर एकटी उतरणार होती. तो थांब्याकडे धावला. त्याने पहिला नंबर दिलेल्या कंपनीची बस त्याच्या डोळ्यांदेखत अगदी वेळेवर निघून गेली. शेवटच्या नंबरवालीही सुटली होती, पण आरशात तो पळताना दिसला म्हणून वयस्कर ड्रायव्हरने ती थांबवली.

"चढ बाळा, सावकाश."

"उपकार झाले, आगा. पण तुम्हाला उशीर होईल ना?"

"रोजच होतो. असं थांबतो म्हणून तर महापालिकेतल्या कुणा शहाण्याने आम्हाला तळाला टाकलंय."

"गाढव आहे तो," बाउरझान घाम पुसत म्हणाला. "चांगला ओळखतो मी त्याला."