साळूची ओळ

“अहो मावशी, पुढं म्हणा की!” केशवनं कपाळावर हात मारला आणि टेप थांबवली.

पारूबाईनं जात्यात मूठभर जोंधळे सोडले. सकाळपासून हेच चाललंय. एक ओळ गायची, मग नुसतंच जातं फिरवायचं. जात्यावरच्या ओव्या टेप करायला केशवनं तिला हिर्डोशीहून भोरला आपल्या घरी आणलं. जात्याखाली गोणपाट घातलं. भिंतींना घरातल्या झाडून साऱ्या वाकळा टांगल्या. आणि बाई गाते अर्धीच!

“पुढचं येत नाही का?”

“येतंय की. पर त्ये माझं न्हाई. साळूचं हाय.”

साळूबाई म्हणजे तिची जाऊ. दोघी एकाच जात्यावर दळायच्या. पहिली ओळ हिची, दुसरी तिची. मग वाटणी झाली, घरात मधोमध कारवीचा कूड उभा राहिला.

दारात केशवची आई कमळाबाई उभी होती. तिचा राग नाकाच्या शेंड्यावर. “स्टुडिओ म्हणं! भाताची खोली अडवून बसलाय, एक गाणं धड निघंना. आता झोडणी झालीया. उद्या गाणं न्हाई झालं तर परवा हितं भात भरते, तुझं मशीन जाऊ दे उकिरड्यात.” मग ती पारूबाईकडं वळली. “आन् तू गं? दुसरी ओळ तूच म्हणलीस तर जीभ झडंल व्हय?”

“तिच्या तोंडचा घास मी कशी खाऊ?”

“मग बोलाव तिला.”

“माझ्या लेकीच्या लग्नाला ती ढुंकून बघाया आली न्हाई. मी न्हाई बोलवायची.”

शेवटी केशवच गेला. दुसऱ्या दिवशी साळूबाईला घेऊन आला. ती आली, बसली, खुंट्याला हात घातला आणि तोंड फिरवलं. दोघींचे हात एका खुंट्यावर, नजरा दोन भिंतींना.

“रुसलेल्या विहिणी बऱ्या गं बाई!” कमळाबाई करवादली.

टेप फिरू लागली. पारूबाईनं सूर लावला.

“दळण सरंना बाई, सूप भरलेलं राहिलं…”

जातं फिरलं. पुन्हा फिरलं. साळूबाईचं तोंड उघडेना. वैतागून केशवनं बटणाकडं हात नेला. कमळाबाईनं त्याचं मनगट धरलं.

आणि साळूबाई भिंतीकडं बघतच गायली,

“लेकीचं तुझ्या लगीन, म्या कुडाआडून पाहिलं.”