कोरा रकाना

दोन महिन्यांनी बाबांचा फोन वाजला. परदेशातला मुलगा वैतागला होता.

"बाबा, पार्सल पुन्हा कस्टममध्ये अडकलंय. स्टीलचा डबा पाठवलात, पण ते स्टील कुठल्या देशात वितळवलं, तो रकाना याही वेळी कोराच!"

"राहिला बघ. वय झालं रे आता."

"अहो, तीस वर्षं कस्टममध्ये हेच फॉर्म तपासलेत तुम्ही. एक रकाना सुटला, तर लोकांचे ट्रकच्या ट्रक परत पाठवायचात!"

"पाठवायचो खरा. बरं, जेवलास का? थंडी आहे का तिकडे?"

चांगली पंधरा मिनिटं बोलणं झालं. शेवटी मुलगा म्हणाला, "आता काळजी सोडा. स्टीलची सगळी माहिती मी इथे कायमची लिहून दिलीय. स्टीलच्या भांड्यांसाठी यापुढे तुम्हाला फोन करून विचारायला नको."

"हुशार आहेस," बाबा म्हणाले.

फोन ठेवून ते उठले. मग स्वयंपाकघरात गेले, फळीवरची ॲल्युमिनियमची किटली काढली आणि पुसायला घेतली.

ॲल्युमिनियमचा रकाना वेगळा असतो.