ब्रेकवाली गाडी

सुलक्षणाने घरीच बनवलेल्या विजेवरच्या गाडीला रिक्षाची चाकं होती, शिलाई मशीनचं पायडल होतं आणि ब्रेक होता. कंपन्यांच्या गाड्या आपोआप धावायच्या आणि ठरलेल्या स्टॉपवरच थांबायच्या. माणसाच्या पायाखाली ब्रेक नसायचाच.

घाटातल्या एका घराला स्टॉप नव्हता. तिथले म्हातारे आजोबा अंगणात कोकमं वाळवता वाळवता येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करायचे. सुलक्षणाही वर्षानुवर्षं कंपनीच्या गाडीच्या काचेआडून हात हलवत पुढे जायची.

आज तिने ब्रेक दाबला.

आजोबा धावतच आले. "गाडी बिघडली काय गो?"

"नाही आजोबा, तुमच्याकडेच आलेय."

ते लगबगीने चहा टाकायला आत गेले आणि थोड्या वेळाने संकोचून दारात येऊन उभे राहिले.

घरात कप एकच होता.