काचेवरचा स्टिकर

मला दोन अमेरिकन कॉलेजांनी बिझनेसच्या पदवीसाठी प्रवेश दिला होता. कुठलं निवडायचं याचा मी विचारच करत होते, तेवढ्यात बाबांनी त्यातल्या नामांकित कॉलेजचा स्टिकर गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवूनही टाकला. माझं डोकंच फिरलं. मी उलथनं आणून तो खरवडायला लागले. बाबा धावत आले. “अगं, अख्ख्या बिल्डिंगने पाहिलाय! आता लोकांना काय तोंड दाखवू?” “शिकायला मी जाणार की बिल्डिंग?” स्टिकर सुटला आणि खाली त्याच कॉलेजचा दुसरा, उन्हाने विटलेला स्टिकर दिसला. दादाचा. तिथलं शिक्षण अर्धवट सोडून आल्यापासून तो खोलीबाहेर पडत नव्हता. “त्याला झाकायला मला पाठवताय, बाबा?” मी किंचाळले. माझा आवाज वरपर्यंत गेला असावा. दादा खाली आला. त्याने माझ्या हातातलं उलथनं घेतलं. “सरक,” तो म्हणाला. “माझा मी काढतो.”