गरम भाकरी

आमच्या घरात लाड नाहीत. भाकरी जिनं करपवली, तिनंच ती गिळायची, हे मी सुनेला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

काल ही सूनबाई, वेदिका, सिन्नरच्या कंपनीतून साहेबाची बोलणी खाऊन आली आणि सुतकी तोंड करून बसली. मला असली तोंडं बघवत नाहीत. टम्म फुगलेली बाजरीची भाकरी मीच तिच्या ताटात आदळली. "गिळ गरम गरम, जरा बरं वाटेल!"

बयेनं भाकरी उचलली, परत तव्यावर टाकली आणि पार काळी होईपर्यंत तिथंच उभी राहिली.

"डोकं फिरलं का गं तुझं?" मी ओरडले.

 

"आज कंपनीत चूक माझीच होती, आई. मग चांगली भाकरी मी कशी खाऊ?"