शेवटच्या रांगेतला पालक

"बाळंतीण हाय न्हवं घरात? मग शेपू न्या की आक्का. दूध कसं धो धो उतरंल." असं म्हणत झुंबरबाईनं हिरवीगार जुडी शांतव्वाच्या पिशवीत कोंबलीसुद्धा.

मंगळवार पेठेच्या त्या कोपऱ्यावर झुंबरबाई रोज भाजीची पाटी मांडून बसायची. शांतव्वाच्या लेकीच्या घरात काय झालं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि शांतव्वानंही सांगितलं नाही. बाळ दवाखान्यातून घरी आलंच नव्हतं. आलेलं दूध आटवताना लेकीचे झालेले हाल तिनं डोळ्यांनी पाहिले होते. तिनं जुडी काढून परत पाटीत ठेवली.

"पालक न्हाय?"

"आज नुसता शेपूच हाय बघा."

शांतव्वा रिकाम्या पिशवीनं परतली. बाळ असो नसो, ओल्या बाळंतिणीला ताटात पालेभाजी हवीच. त्यासाठीच तर ती कुरुंदवाडचं घरदार टाकून लेकीकडे येऊन राहिली होती. जिना चढताना तिला गच्चीवरच्या कुंड्या आठवल्या.

लेकीचा, शांभवीचा, विद्यापीठातला कसलासा अभ्यास होता. पालकाच्या चार रांगा, आणि प्रत्येक रांगेला वेगळ्या बाटलीतलं पाणी. पाण्यात कसलंसं खत असेल, असं शांतव्वा धरून चालली होती. दवाखान्यातून आल्यापासून शांभवी आपणहून उठायची ती तेवढ्या पाण्यापुरती. बाकी वेळ भिंतीकडे तोंड करून पडलेली. भेटायला आलेल्या बायकांनी तिला रडवायला जंग जंग पछाडलं, पण डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. ऊठ म्हटलं की उठायची, जेव म्हटलं की जेवायची.

"मीठ बरोबर हाय न्हवं?" शांतव्वा रोज विचारायची.

"हाय." रोजचं ठरलेलं उत्तर.

परवा शांतव्वा आमटीत मीठ घालायलाच विसरली, तरी उत्तर तेच. मागाहून स्वतः जेवायला बसल्यावर तिला ते कळलं. लेकीला चवच लागत नव्हती. त्या दिवशी मात्र शांतव्वा खरी घाबरली.

गच्चीवर पहिल्या रांगेतली पानं तळहाताएवढी झाली होती. शेवटची रांग खुरटलेली. पानं लहान, जाड, काळपट हिरवी. चांगल्याला कशाला हात लावा? जी वाढायचीच नाहीत ती खुडलेली बरी, असं म्हणत तिनं शेवटची रांग बोडकी केली. लसणाची फोडणी देऊन भाजी परतली, आणि नेहमीच्या अंदाजानं मीठ टाकलं.

शांभवी जेवायला बसली. दुपारी तिला कुंड्या घेऊन विद्यापीठात जायचं होतं, म्हणून केस विंचरून तयार होती. तिनं पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबली.

"अव्वा, भाजी खारट झालीया."

शांतव्वाची भाकरी तव्यावर उलटायची राहिली.

"कुठला पालक हाय ह्यो?" शांभवीनं विचारलं.

"तुझ्या कुंड्यातला. शेवटच्या रांगेतला." शांतव्वा चाचरली. "आज मिळालाच न्हाय गं. चांगल्याला हात न्हाय लावला मी. खुरटलेलाच घेतला. तो काय वाढत न्हवता."

शांभवी ताटाकडे बघत राहिली. ती चिडली नाही. फळ्यावरचं वाचून दाखवावं तशी बोलली. "त्याला मिठाचं पाणी घालत हुतो मी. आपल्या खालच्या रानात हाय तसलं. मीठ आत गेलं की पालक वाढायचं सोडतोय, अव्वा. सगळी ताकद जीव वाचवायला लावतोय. पान करपू नये म्हणून आतल्या आत काय काय तयार करतोय. तेच मोजायचं हुतं आज."

"म्हंजे मी..."

"तो मरत न्हवता. तग धरायच्या खटपटीत हुता, म्हणून वाढत न्हवता. आता परत पेरायला लागंल."

शांतव्वानं गॅस बंद केला. खालचं रान तिला चांगलं ठाऊक होतं. मीठ फुटून पांढरं पडलेल्या त्या रानात तिनं उभी हयात घालवली होती. पण लेक आत्ता काय सांगत होती त्यातलं निम्मं तिच्या कानांवरून गेलं. ती एकाच शब्दापाशी अडकून पडली होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती लेकीसमोर येऊन बसली.

"मघाशी काय म्हणालीस?"

"परत पेरायला लागंल."

"त्याच्या आधी. घास घेतल्यावर."

शांभवीनं मान वर केली. "खारट झालीया."

"परत म्हण की."

"खारट..." शांभवी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतलं पहिलं टिपूस ताटात पडलं.

शांतव्वानं ताट बाजूला सरकवलं आणि लेकीसाठी मांडी मोकळी केली.